साध्या धक्क्यानं हाड मोडलं? प्लास्टर करताना ‘का मोडलं’ हेही विचारा. हाडातली साधी गाठ अशी ओळखतात

दहा-अकरा वर्षांचं पोरगं चेंडू फेकतं आणि दंडात कट्‌कन आवाज होतो. हात खाली लोंबतो. कुणी ढकललेलं नसतं, झाडावरून पडलेलं नसतं, गाडीची धडकही नसते. घरचे म्हणतात, पोरगं नाजूकच आहे, दूध पीत नाही. शेजारीपाजारी कॅल्शियमची बाटली सुचवतात. हाडाच्या डॉक्टरांच्या मनात मात्र वेगळा विचार येतो. धडधाकट पोराचं दंडाचं हाड चेंडू फेकून मोडत नाही. मोडलं असेल तर ते आधीच आतून पोकळ झालेलं असण्याची शक्यता मोठी.

उधईनं खाल्लेली तुळई बाहेरून धड दिसते, वर कुणी चढलं की मोडते. हाडाचंही तसंच होतं. आतल्या गाठीनं हाडाची भिंत पातळ केलेली असते आणि रोजच्या हालचालीचा ताणसुद्धा तिला पेलत नाही. दंड, मांडी, नडगी, मनगटाजवळचं हाड अशा लांब हाडांमध्ये हे जास्त घडतं. लहान मुलांत आणि तरुणांत अशा मोडीमागे सापडणाऱ्या गाठी बऱ्याचदा साध्या असतात, म्हणजे कॅन्सरच्या नसतात. पण ‘साधी’ हा शब्द तपासणीनंतर वापरायचा असतो, आधी नाही. आणि घोळ होतो तो नेमका इथेच. एक तर ‘गाठ’ ऐकताच घरात रडारड सुरू होते, नाही तर कुणी काही न विचारता पट्टी बांधून मोकळं होतं.

किती जोर लागला, हा पहिला प्रश्न

निदानाची सुरुवात मशीनपासून होत नाही, विचारपूस करण्यापासून होते. हाड मोडलं तेव्हा नेमकं काय चाललं होतं, हे डॉक्टर खोदून विचारतात. बैलाचा कासरा ओढताना, हंडा उचलताना, कबड्डीत नुसतं हात टेकल्यावर, चालता चालता पाय मुडपल्यावर हाड मोडलं असेल तर जोर आणि मोड यांचा मेळ बसत नाही. तेव्हा घरच्यांनी गोष्ट फुगवून सांगू नये. पोरगं शाळेत मोडून आलं म्हणून मास्तरांवर राग असतो, ‘जोरात ढकललं’ असं सांगितलं जातं आणि डॉक्टरांची दिशाच चुकते. जे झालं तेवढंच सांगावं.

दुसरा प्रश्न वयाचा. कुठल्या वयात कुठल्या हाडात कुठली गाठ होते, याचं गणित बऱ्यापैकी ठरलेलं आहे. पाच ते पंधराच्या मुलाचा दंड, पंचविशीतल्या बाईचा गुडघा आणि साठीतल्या माणसाची मांडी, या तिन्हींमागे डॉक्टर वेगवेगळी कारणं शोधतात.

तिसरा प्रश्न आधीच्या दुखण्याचा. काही साध्या गाठी मोड होईपर्यंत एकदाही दुखत नाहीत. काही मात्र महिनोन्‌महिने ठणकतात आणि त्या दुखण्याला ‘वाढीचं दुखणं’, ‘वात’, ‘लचक’ अशी नावं देऊन ते अंगावर काढलेलं असतं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, दर आठवड्याला वाढत जाणारी सूज, ताप किंवा वजन उतरणं यातलं काही असेल तर ते न लपवता आधी सांगायचं.

एक्स-रेत डॉक्टर काय बघतात

या सगळ्या निदानात सगळ्यात जास्त काम करतो तो साधा एक्स-रे. ग्रामीण रुग्णालयात निघणारा, कमी खर्चाचा. महागडा एमआरआय काढला म्हणजे एक्स-रे नको, असा समज आहे तो चुकीचा. हाडाची गाठ ओळखायला एक्स-रे आधी लागतो, एमआरआय त्याच्या मागून.

पण एक्स-रे नीट काढलेला हवा. एकाच बाजूचा फोटो उपयोगाचा नाही, समोरून आणि बाजूनं असे दोन लागतात. शिवाय मोडलेल्या जागेपुरता न काढता त्या हाडाच्या वरचा आणि खालचा सांधा दिसेल इतका काढावा लागतो, कारण गाठ कधी मोडीच्या जागेपेक्षा वर-खाली पसरलेली असते.

फिल्म लावल्यावर पहिली नजर गाठीच्या कडेवर जाते. शेतकऱ्याला हे लगेच कळेल. साध्या गाठीला बांध असतो. गाठ हळू वाढते, तोवर भोवतालचं चांगलं हाड पांढरी घट्ट कड तयार करून तिला अडवतं. कुठे गाठ संपली आणि कुठे चांगलं हाड सुरू झालं, हे पेन्सिलीनं रेघ मारून दाखवता येतं. झपाट्यानं वाढणाऱ्या वाईट गाठीला असा बांध घालायला हाडाला वेळच मिळत नाही. तिची कड पुसट, कुरतडल्यासारखी दिसते, हाडाची बाहेरची भिंत फुटून गाठ मांसात गेलेली असते आणि हाडावरच्या आवरणाचे कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर किंवा सूर्याच्या किरणांसारख्या रेषा दिसतात. हे दिसलं की ते प्रकरण तालुक्यात ठेवायचं नसतं.

मग जागा पाहिली जाते. वाढत्या मुलांच्या लांब हाडाच्या टोकाजवळ वाढीची पट्टी असते, उंची तिथूनच वाढते. गाठ त्या पट्टीच्या आत दंडाकडे आहे, की सांध्याकडच्या टोकाला आहे? हाडाच्या मधोमध आहे, की एका कडेला? त्यानंतर आतला माल. आतून नुसती काळी पोकळी दिसते, धुरकट काच दिसते, की कापसाच्या बोंडासारखे पांढरे ठिपके? एवढ्या दोन-चार खुणांवर अनुभवी डॉक्टर यादी दोन-तीन नावांपर्यंत आणतात.

एक अडचण लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोड होऊन दोन-तीन आठवडे गेले की हाड जुळवायला शरीर नवं हाड तयार करायला लागतं. ते नवं हाड एक्स-रेत, कधी कधी तुकडा तपासणीतसुद्धा, वाईट गाठीसारखं भासू शकतं. म्हणून पहिल्या दिवशीचा एक्स-रे सोन्यासारखा जपायचा. प्लास्टर निघालं की फिल्म पत्र्याच्या पेटीत टाकून, नाही तर खिडकीला लावून खराब करण्याची सवय घराघरात आहे. त्याच फिल्मवर पुढचं निदान अवलंबून असतं. मोबाईलवर काढलेला फिल्मचा तिरका फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला तर डॉक्टर ‘लगेच घेऊन या’ एवढं सांगू शकतात, गाठ कुठली ते त्यावरून ठरवू नये.

आणखी एक. हाडातलं साधारण ३० ते ५० टक्के खनिज कमी होईपर्यंत साध्या एक्स-रेत पोकळी नीट दिसत नाही. त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आला’ म्हणजे विषय संपला असं नाही. एकाच जागी दुखणं चालूच राहिलं तर काही आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढायला हवा.

पोरांच्या दंडातली पाण्याची गाठ

लहान मुलांच्या बाबतीत सगळ्यात जास्त आढळणारं उदाहरण म्हणजे हाडातली पाण्याची गाठ. डॉक्टर तिला साधी सिस्ट म्हणतात. पाच ते पंधरा या वयात, मुलींपेक्षा मुलांना जास्त. जागाही ठरलेल्या. बहुतेक वेळा दंडाचं खांद्याजवळचं टोक, नाही तर मांडीच्या हाडाचं खुब्याजवळचं टोक. आत पिवळसर पातळ पाणी असतं आणि भोवती अंड्याच्या टरफलासारखी पातळ झालेली हाडाची भिंत.

ही गाठ दुखत नाही, बाहेरून हाताला लागत नाही, रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. त्यामुळे तिची पहिली ओळख मोड झाल्यावरच होते. एक्स-रेत कधी कधी एक फार बोलकी खूण दिसते. भिंतीचा तुटलेला छोटा कपचा पोकळीच्या तळाशी जाऊन बसलेला असतो. गाठ भरीव मांसाची असती तर कपचा खाली पडलाच नसता, म्हणजे आत पाणी आहे हे त्यावरून कळतं. सगळ्यांच्या फिल्ममध्ये ही खूण नसते, पण दिसली की डॉक्टर निश्चिंत होतात.

अशा ठळक प्रकरणात तुकडा काढायची गरज बहुधा पडत नाही. दंडाची मोड गळपट्टीत काही आठवडे ठेवली की नेहमीच्या मोडीसारखी जुळते. घरच्यांना इथेच वाटतं की संपलं. हाड जुळतं, पण पोकळी बहुतेकांत तशीच राहते. मोड झाल्यामुळे गाठ आपोआप भरून येणं थोड्याच मुलांत घडतं. उरलेल्यांच्या बाबतीत तेच हाड पुन्हा मोडू शकतं आणि काहींचं दोन-तीनदा मोडतंसुद्धा. म्हणून प्लास्टर निघाल्यावर दर काही महिन्यांनी एक्स-रे, आणि डॉक्टर सांगतील तोवर कुस्ती, कबड्डी, झाडावर चढणं बंद.

पोकळी मोठी असेल, वाढीच्या पट्टीला चिकटलेली असेल किंवा पुन्हा पुन्हा मोडत असेल तर उपचार करतात. सुईनं आतलं पाणी काढून स्टेरॉइडचं औषध सोडायची पद्धत इटलीतील स्कालिएत्ती या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात रूढ केली. एका सुईत काम होईलच असं नाही, बऱ्याचदा तीन-चारदा द्यावी लागते. कुठे रुग्णाच्याच कमरेच्या हाडातला मगज काढून आत सोडतात, कुठे गाठ खरवडून हाडाचा चुरा भरतात, कुठे आतून लवचिक तार घालून आधार देतात. वय वाढलं, हाडाची वाढ थांबली की ही गाठ स्वतःच शांत होत जाते.

मांडीच्या खुब्याजवळची तीच गाठ मात्र वेगळी वागवतात. तिथे सगळ्या अंगाचा भार येतो. मोड सरकली तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून पोरगं जन्मभर लंगडू शकतं. तिथे गळपट्टीसारखी वाट बघायला जागा नाही, लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावं लागतं.

बाकीच्या साध्या गाठी

गुडघ्याजवळच्या हाडाच्या कडेला, पांढऱ्या किनारीची, द्राक्षाच्या घोसासारखी दिसणारी एक गाठ असंख्य पोरांना असते आणि कुणाला पत्ताही नसतो. पडल्यामुळे एक्स-रे काढला म्हणून ती दिसते. तिला हात लावायचा नसतो, वाढ पूर्ण होताना ती आपसूक भरते. हाडाच्या निम्म्याहून जास्त रुंदी तिनं खाल्ली असेल तरच मोडायची भीती. अशा गाठीसाठी कुणी घाईनं ऑपरेशन सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारण्यात काही गैर नाही.

रक्ताची गाठ हा प्रकार जरा आक्रमक. ती हाडाला फुगवते, वीस वर्षांच्या आत जास्त होते आणि दुखते, सुजते. एमआरआयमध्ये तिच्या कप्प्यांत दुधावर साय धरावी तसे थर दिसतात, वर पातळ, खाली घट्ट रक्त. अडचण अशी की कॅन्सरचा एक प्रकार हुबेहूब असाच दिसतो. म्हणून इथे तुकडा तपासणीशिवाय पुढे जात नाहीत.

काही मुलांत हाडाच्या जागी चिवट तंतूंचं कच्चं हाड भरलेलं असतं. एक्स-रेत ते धुरकट काचेसारखं दिसतं. मांडीचा खुबा हळूहळू वाकत जातो, धनगर फांद्या ओढायला वापरतात त्या आकडीसारखा. अशा मुलाच्या अंगावर कॉफीच्या रंगाचे मोठे डाग आहेत का, मुलीला फार लहान वयात पाळी आली का, हे डॉक्टर विचारतात. ते विचारणं चौकशी म्हणून नसतं. हाड, त्वचा आणि हार्मोन यांचा तो एकच आजार असू शकतो. आईनं लाजून उत्तर टाळू नये.

बोटाचं हाड किरकोळ धक्क्यानं मोडलं तर त्यात बहुधा कूर्चेची साधी गाठ सापडते. हाताच्या बोटांमधली ही सगळ्यात जास्त आढळणारी गाठ. आधी मोड जुळू देतात, मग गरज वाटली तर गाठ खरवडतात.

विशी-तिशीतला गुडघा आणि एक स्वस्त रक्त तपासणी

वीस ते चाळीस या कर्त्या वयात गुडघ्याजवळ किंवा मनगटाजवळ होणारी एक गाठ खास लक्ष देण्यासारखी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात मोठमोठ्या पेशी दिसतात म्हणून तिला जायंट सेल गाठ म्हणतात. वाढीची पट्टी बंद झाल्यावर, थेट सांध्याच्या टोकापर्यंत ती हाड पोखरत जाते. आशियातील देशांत ती तुलनेनं जास्त दिसते. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईचा गुडघा सहा महिने दुखतो, ती मलम चोळत कामाला जाते आणि एक दिवस बांध उतरताना पाय मुडपून हाड सांध्यातच बसतं. तोवर गाठ मोठी झालेली असते आणि सांधा वाचवणं अवघड जातं. आधी कळली तर गाठ खरवडून, पोकळीला औषध लावून, हाडाचं सिमेंट भरून सांधा तसाच ठेवता येतो.

ही गाठ कॅन्सर नाही, पण पुन्हा उगवते, आणि ती उगवली तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत. अगदी थोड्या रुग्णांमध्ये ती फुप्फुसातही उतरते. म्हणून छातीचा एक्स-रे काढायला सांगितला तर ‘गुडघ्याचं दुखणं, छाती कशाला?’ असं म्हणून तो टाळू नये.

आता स्वस्त तपासणीची गोष्ट. मानेत थायरॉइडच्या मागे चार बारीक ग्रंथी असतात. त्यातली एखादी बिघडली की ती हाडातलं कॅल्शियम ओढून रक्तात सोडते आणि हाडात पोकळ्या पडतात. त्या पोकळ्या एक्स-रेत, इतकंच काय तुकड्यातसुद्धा, जायंट सेल गाठीसारख्याच दिसतात. पण इलाज पूर्ण वेगळा : ऑपरेशन गुडघ्याचं नव्हे, मानेतल्या ग्रंथीचं. ते झालं की हाडं भरून यायला लागतात. हा फरक रक्तातल्या कॅल्शियमच्या साध्या तपासणीनं लक्षात येतो. सोबत फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, ड जीवनसत्त्व आणि शंका आली तर त्या ग्रंथीच्या हार्मोनची तपासणी. अनेक हाडं मोडली असतील, मुतखडा वारंवार होत असेल, तर हे आधी बघावं. असा रुग्ण मनानंच कॅल्शियमच्या गोळ्या खात बसला तर धोका वाढतो.

रिपोर्ट घरी वाचताना एक काळजी घ्यावी. वाढत्या पोरांचा अल्कलाइन फॉस्फेटेज मोठ्यांपेक्षा जास्तच असतो. लॅबच्या कागदावर तो लाल अक्षरात आला म्हणून घाबरायचं कारण नाही, तो वयानुसार वाचायचा असतो.

गाठ वाटते, पण गाठ नसते

आपल्याकडे हाडातली पोकळी दिसली की टीबी आणि पू यांचाही विचार करावाच लागतो. हाडाचा टीबी गुपचूप वाढतो, खोकला असतोच असं नाही. म्हणून काढलेल्या तुकड्याचा एक भाग टीबी आणि जंतूंच्या तपासणीला पाठवायला हवा, सगळा तुकडा एकाच बाटलीत टाकला की ती संधी जाते. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या सिकलसेल आढळणाऱ्या भागांत, सिकलसेल असलेल्या मुलाच्या हाडात जंतुसंसर्ग किंवा रक्तपुरवठा तुटल्यामुळे झालेली पडझड गाठीसारखी भासू शकते. घरात कुणाला सिकलसेल असेल तर ते हाडाच्या डॉक्टरांना सांगायचं.

मुडदूस, म्हणजे ड जीवनसत्त्वाची कमतरता, असेल तर पायही वाकलेले दिसतात. जन्मतःच ठिसूळ हाडं असलेल्या मुलाला पहिल्या काही वर्षांतच अनेक मोडी झालेल्या असतात, डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसू शकतो.

आणि चाळिशीनंतर सगळा हिशोब उलटा होतो. त्या वयात हाड किरकोळ कारणानं मोडलं आणि आत पोकळी दिसली तर आधी शंका घ्यायची ती दुसऱ्या अवयवातल्या कॅन्सरची किंवा मगजाच्या कॅन्सरची, किंवा म्हातारपणाच्या ठिसूळपणाची. स्तन, फुप्फुस, मूत्रपिंड, थायरॉइड, पुरुषांत प्रोस्टेट यांची तपासणी होते. साध्या गाठीची वर सांगितलेली समाधानाची भाषा त्या वयाला लागू पडत नाही.

चोळणं, ओढणं आणि घाईची सळई

गावोगावी हाडवैद्य आहेत, तालमीतले वस्ताद आहेत. लचक, निखळलेला खांदा यात त्यांच्या हाताला गुण असल्याचं लोक सांगतात. पण हाडाच्या आत पोकळी आहे हे बोटांना कळत नाही. तेल लावून चोळलं, जोरानं ओढलं तर टरफलासारखी भिंत आणखी फुटते. आणि आत वाईट गाठ निघाली तर चोळण्यानं ती पसरण्याचा धोका असतो. एक्स-रे होईपर्यंत कुणीही चोळायचं नाही, एवढं तरी पाळावं. घरी करायचं ते इतकंच : हात असेल तर ओढणीची झोळी करून छातीशी बांधायचा. पाय असेल तर दोन्ही बाजूंनी फळ्या किंवा कामट्या कापडात गुंडाळून, आहे त्याच स्थितीत बांधून १०८ ला फोन करायचा. मांडी मोडली असेल तर रुग्णाला मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नये.

दुसरी घाई दवाखान्यातही होते. मांडीचं हाड मोडलं, लगेच आत सळई घातली, आणि नंतर कळलं की आत गाठ होती. गाठ साधी निघाली तर निभावतं. वाईट निघाली तर सळईनं ती हाडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरवलेली असते आणि जिथे पाय वाचला असता तिथे कापायची वेळ येऊ शकते. म्हणून शंका असेल तर आधी निदान, मग सळई. तोवर पाय वजन लावून किंवा पट्टीत स्थिर ठेवता येतो, चार-आठ दिवस उशीर झाला म्हणून हाड जुळायचं राहत नाही. ‘ऑपरेशनआधी मोडीच्या जागी गाठ नाही ना, याची खात्री झाली का?’ हा प्रश्न नातेवाइकांनी सरळ विचारावा. चांगला डॉक्टर त्यावर चिडत नाही.

तुकडा तपासणीची भीती

‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हे वाक्य प्रत्येक गावात ऐकायला मिळतं. नीट केलेल्या तपासणीबाबत ही भीती धरू नये. मात्र या समजुतीत एक खरी गोष्ट लपलेली आहे : चुकीच्या जागेवरून, चुकीच्या पद्धतीनं तुकडा काढला तर नुकसान होतं. म्हणून नियम असा की एमआरआय आधी काढायचा, तुकडा नंतर. सुई कुठून घालायची हे, पुढे मोठं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं, कारण सुईची वाट त्या ऑपरेशनच्या छेदातच यावी लागते. बहुतेक वेळा जाड सुईनं, एक्स-रे किंवा सिटी स्कॅनमध्ये बघत तुकडा घेतात. मोठा छेद लागत नाही. अहवाल यायला काही दिवस लागतात, शंका असेल तर तो तुकडा दुसऱ्या प्रयोगशाळेतही दाखवता येतो. त्यासाठी काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे मागून घ्यावे लागतात, नुसता कागद पुरत नाही.

कुठे जायचं

पहिला एक्स-रे आणि पट्टी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात होते. गाठीची शंका आली की जिल्हा रुग्णालयातले हाडांचे डॉक्टर, आणि तुकडा तपासणीची वेळ आली तर वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. वाईट गाठीची शंका असेल तर मुंबईतील टाटा मेमोरियलसारख्या हाडांच्या गाठींसाठी वेगळा विभाग असलेल्या ठिकाणी थेट पाठवलेलं बरं, मधल्या तीन दवाखान्यांत पैसे आणि दिवस दोन्ही जातात. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची शाळा-अंगणवाडीत तपासणी करणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही पुढे पाठवण्याची चिठ्ठी देऊ शकतं.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भरती होण्याआधी भेटावं. योजना मुख्यतः भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. बाहेर काढलेल्या एमआरआयचं बिल नंतर मिळेल असं धरून चालू नये, आधी विचारून घ्यावं.

जाताना मोडीच्या दिवसाचा एक्स-रे, नंतरचे सगळे एक्स-रे तारखेनुसार लावून, रक्ताचे रिपोर्ट, आधी कधी हाड मोडलं असेल तर त्याचे कागद हे सगळं एका पिशवीत न्यावं. फिल्म दुमडू नयेत. सीडी दिली असेल तर ती वेगळी, कडक पाकिटात ठेवावी. गाठ खरवडून भरल्यावरही हीच पिशवी पुढची काही वर्षं लागते, कारण पुन्हा उगवलेली गाठ ओळखायची ती नव्या फिल्मशेजारी जुनी फिल्म धरूनच.